आवाजाची दोन टोके

कॅसेट रेकॉर्डरची मोटर थकते, मिनिडिस्कचे झाकण नीट बसेनासे होते, किंवा नव्या टेपा मिळणेच बंद होते. मग नवा डिजिटल रेकॉर्डर घ्यायचे ठरते आणि खोक्यांवरचे आकडे वाचणे सुरू होते. एका खोक्यावर ९६ किलोहर्ट्झ, दुसऱ्यावर १९२. एकावर २४ बिट, दुसऱ्यावर ३२. आकडा मोठा तितका आवाज चांगला, हा हिशेब सोपा असल्याने लगेच पटतो. या प्रकरणाचे म्हणणे मात्र वेगळे आहे. खोक्यावर ठळक छापलेले आकडे रेकॉर्डरच्या पोटातल्या कामाविषयी बोलतात, आणि ते काम आज स्वस्त यंत्रेही पुरेसे चांगले करतात. मुद्रण बिघडते ते दोन टोकांना. पहिले टोक म्हणजे माइकातून आलेला क्षीण विद्युतसंकेत यंत्रात शिरतो ती जागा. दुसरे टोक म्हणजे मुद्रण संपल्यानंतर त्या फाइलचे जे काही होते ते. लोकगीते गोळा करणारे अभ्यासक, मुलाखती घेणारे पत्रकार, बोलींचा अभ्यास करणारे विद्यार्थी किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी टिपू पाहणारे कोणीही असोत, पैसा आणि विचार या दोन टोकांवर खर्च झाला तरच जुने यंत्र बदलल्याचा उपयोग होतो.

आधी जुन्या यंत्राने काय काय दिले होते ते पाहू. फिलिप्सची कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ साली आली. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या संथ गतीने सरकणाऱ्या अरुंद फितीवर सततची खरखर असणारच होती, पण त्या फितीत एक सोशिकपणाही होता. आवाज अचानक चढला तर फीत हळूहळू भरत जाई. आवाज थोडा जाडसर होई, पण फाटत नसे. साध्या कॅसेट रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी यंत्र आपोआप सांभाळत असल्याने वापरणाऱ्याला त्याची फिकीर नव्हती. १९८७ साली आलेल्या डॅट टेपने १६ बिटांचे असंपीडित डिजिटल मुद्रण हातात धरता येईल एवढ्या यंत्रात आणले. १९९२ साली सोनीने आणलेल्या मिनिडिस्कने चकती छोटी केली, पण त्यासाठी ध्वनीची माहिती सीडीच्या सुमारे एक पंचमांशापर्यंत आवळली. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. ज्या वस्तूवर मुद्रण होई तीच वस्तू जपूनही ठेवली जाई. कॅसेट भरली की तिच्यावर नाव-तारीख लिहून ती कपाटात जाई आणि पुढच्या मुलाखतीला नवी कॅसेट येई. म्हणजे जुना रेकॉर्डर ही एक पूर्ण व्यवस्था होती. माइक, पातळी सांभाळणे, साठवण आणि नोंद हे सगळे तिच्यात बांधलेले होते. नवा रेकॉर्डर त्या व्यवस्थेचा एकच तुकडा आहे. बाकीचे तुकडे आपले आपल्याला जुळवावे लागतात, हे ध्यानात न आल्याने नवे यंत्र घेऊनही मुद्रण पूर्वीपेक्षा वाईट होऊ शकते.

मधले काम सुटले आहे असे म्हणण्याला आधार काय? माणसाच्या कानाला तरुणपणी फार तर २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आणि वय वाढते तशी ही मर्यादा खाली येते. सेकंदाला ४८,००० वेळा नमुना घेतला तर सिद्धांतानुसार २४ किलोहर्ट्झपर्यंतचे कंपन पूर्ण पकडता येते. म्हणजे कानाची गरज भागून वर थोडी मोकळी जागा उरते. बिटांचेही तसेच आहे. प्रत्येक बिट सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ६ डेसिबलने वाढवतो. १६ बिटांत हे अंतर ९६ डेसिबल होते आणि २४ बिटांत कागदावर १४४. प्रत्यक्षात उत्तम दर्जाची परिवर्तक चिपसुद्धा साधारण १२० डेसिबलच्या आसपास थांबते, कारण त्याखाली इलेक्ट्रॉनिक भागांचा स्वतःचाच गोंगाट सुरू होतो. साध्या कॅसेटमध्ये हे अंतर ५०-५५ डेसिबल असे, हे लक्षात घेतले की आजच्या स्वस्त रेकॉर्डरचे पोटही किती ऐसपैस आहे ते कळते. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, म्हणजे आयएएसएची, मार्गदर्शक तत्त्वे ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट ही किमान पातळी मानतात, आणि जुन्या टेपांचे डिजिटल रूपांतर करताना ९६ किलोहर्ट्झची शिफारस करतात. ही शिफारस पुढे करून ‘मग मुलाखतीलाही ९६ का नको?’ असे विचारले जाते. पण टेपेचे रूपांतर बहुधा एकदाच होते, आणि टेपेतले दोष पुढे संगणकावर काढायचे असतील तर जास्तीची माहिती कामाला येते. माजघरात बसून सांगितलेल्या आठवणींना तिची गरज नसते. तिथे ९६ निवडल्याने फाइल दुप्पट होते, आवाज तसाच राहतो.

आता पहिले टोक. माइक हवेच्या दाबातल्या बदलांचे विजेच्या दाबात रूपांतर करतो, पण हा विजेचा दाब अतिशय क्षीण असतो. सभांमधून सर्रास दिसणारा शुअर एसएम५८ हा डायनॅमिक माइक घेऊ. ९४ डेसिबलच्या जोरदार आवाजाला तो सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो. मीटरभर अंतरावरून शांतपणे बोलणाऱ्या माणसाचा आवाज ६० डेसिबलच्या आसपास, म्हणजे दाबाच्या हिशेबाने त्याचा पन्नासावा हिस्सा. माइकातून निघतात जेमतेम ३७ मायक्रोव्होल्ट. हा संकेत हजारो पटींनी वाढवणारा भाग म्हणजे प्रीअँप, आणि प्रीअँपची स्वतःची खरखरही संकेताबरोबर वाढते. ती मोजणारा आकडा तांत्रिक माहितीपत्रकात ‘ईआयएन’ या नावाने येतो. तो उणे असतो, आणि जितका अधिक उणे तितकी खरखर कमी. ज्या रेकॉर्डरचा हा आकडा −१०५ डीबीयू आहे त्याची खरखर साडेचार मायक्रोव्होल्टच्या घरात असते, म्हणजे आपल्या वक्त्याचा आवाज तिच्या फक्त आठ-नऊ पट. झूम कंपनी आपल्या एफ६ या रेकॉर्डरसाठी −१२७ डीबीयू हा आकडा देते. तिथे खरखर ०.३५ मायक्रोव्होल्टपर्यंत खाली येते आणि तोच आवाज तिच्या शंभर पटींहून मोठा ठरतो. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष ढोबळ नाही. या दोन्ही यंत्रांवर ‘२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ’ असे सारखेच छापलेले असू शकते. त्या आकड्यांनी पहिल्या यंत्राची खरखर कमी होत नाही. ती फक्त अधिक अचूकपणे नोंदली जाते. भांडे मोठे घेतले म्हणून गढूळ पाणी निवळत नाही.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, आणि तिला पैसे पडत नाहीत. उघड्यावर आवाजाचे उगमापासूनचे अंतर निम्मे केले की तो ६ डेसिबलने, म्हणजे दाबाच्या मापाने दुप्पट, वाढतो. मीटरभर दूर ठेवलेला माइक वक्त्यापासून वीतभर अंतरावर आणला तर संकेत चौपट होतो, आणि पहिल्या, कमी दर्जाच्या यंत्रावरही आवाज खरखरीच्या तीस पटींहून मोठा होतो. शिवाय पंखा, मिक्सर, रस्त्यावरचे हॉर्न आणि भिंतींवरून परतणारा घुमारा हे सगळे तुलनेने मागे पडतात, आणि यांपैकी एकाही गोष्टीवर महागड्या प्रीअँपकडे इलाज नाही. म्हणून रेकॉर्डरचे अंगचे माइक कसे आहेत यापेक्षा त्याला बाहेरचा माइक कसा जोडता येतो, हा प्रश्न आधी विचारायला हवा. जुन्या मिनिडिस्कबरोबर वापरलेले ३.५ मिलिमीटर पिनेचे छोटे कंडेन्सर माइक अनेकांकडे असतात. नव्या रेकॉर्डरच्या माइक-जॅकला ‘प्लग-इन पॉवर’ असेल तर ते बहुधा तसेच चालतात. जुने यंत्र मोडीत काढताना जुना माइकही टाकून द्यायचे कारण नाही. याउलट व्यावसायिक कंडेन्सर माइक वापरायचा असेल तर एक्सएलआर जोडणी आणि ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. ती सर्वांत छोट्या, खिशात मावणाऱ्या यंत्रांत नसते. दोन माणसांचे संभाषण टिपायचे असेल तर दोघांना कॉलरला लावायचे दोन स्वतंत्र माइक आणि रेकॉर्डरवर दोन वेगळे मार्ग हवेत. ही यादी यंत्र पाहण्यापूर्वी तयार असली तर निम्मी निवड आधीच झालेली असते.

या मांडणीवर सर्वांत ताजा आक्षेप ‘३२ बिट फ्लोट’चा आहे. साउंड डिव्हायसेस, झूम, टॅस्कॅम यांच्या अलीकडच्या काही यंत्रांत पातळी लावण्याची गरजच नाही असे सांगितले जाते, आणि त्यात तथ्य आहे. अशा यंत्रात साधारणतः प्रत्येक मार्गाला दोन परिवर्तक असतात, एक हलक्या आवाजासाठी आणि एक मोठ्या आवाजासाठी. दोघांचे निष्कर्ष जोडून अशी फाइल बनते की आवाज मर्यादेबाहेर गेला तरी तो नंतर खाली आणून सावरता येतो. जुन्या फितीचा सोशिकपणा डिजिटल यंत्रात गमावला होता. तो इथे वेगळ्या वाटेने परत आला. एकट्याने मुलाखतही घ्यायची आणि यंत्रही सांभाळायचे अशा माणसाला हा मोठा आधार आहे. पण हा आधार परिवर्तकापुरता आहे. माइकाची स्वतःची मर्यादा त्याने वाढत नाही. अनेक छोट्या रेकॉर्डरचे अंगचे माइक १२० डेसिबलच्या आसपास हात टेकतात, आणि ढोल-ताशा पथकाच्या अगदी जवळ ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. तिथे माइकातच फाटलेला आवाज ३२ बिटांत अगदी विश्वासूपणे फाटकाच नोंदला जातो. दुसऱ्या बाजूला, प्रीअँपची खरखर, माइकावर आदळणारा वारा आणि दूर ठेवलेला माइक यांवर फ्लोट काहीच करत नाही. ज्याच्याकडे हे तंत्र नाही त्यानेही हिरमुसायचे कारण नाही. कॅसेटच्या काळात, पातळी हाताने लावायच्या यंत्रांवर, खरखरीवर मात करण्यासाठी मीटरचा काटा शून्याच्या जवळ ठेवावा लागे, आणि ती सवय हातात राहते. डिजिटलमध्ये शून्य म्हणजे कडेलोट असतो; त्यापलीकडे आवाज थेट कापला जातो. २४ बिटांत मोठ्यात मोठा आवाज −१२ डेसिबलच्या आसपास ठेवला तरी काही गमावत नाही, आणि अचानक फुटलेल्या हशाला जागा राहते. ही सवय बदलली तर फ्लोट हा सोयीचा प्रश्न उरतो, दर्जाचा नाही.

दुसरा आक्षेप अधिक रोखठोक आहे. खिशात फोन असताना वेगळे यंत्र हवेच कशाला? आक्षेप खोटा नाही. शांत खोलीत, वक्त्यासमोर वीतभर अंतरावर ठेवलेला फोन आजही अनेक जुन्या कॅसेट रेकॉर्डरपेक्षा स्वच्छ मुद्रण करतो, आणि असंपीडित वेव्ह फाइल बनवणारी ॲप मिळतात. मुलाखत फक्त लिहून काढायची असेल तर फोन पुरतो. पण फोन मुळात संभाषणासाठी घडवलेले यंत्र आहे. त्याचे सॉफ्टवेअर अनेकदा न विचारता पातळी वर-खाली करते, बोलणे सोडून बाकीचा आवाज गोंगाट समजून दाबते, आणि त्यामुळे तंबोऱ्याचा अखंड नाद किंवा जात्याची घरघर त्याला काढून टाकण्याजोगी वाटू शकते. ओवीच्या अभ्यासकाला मात्र गळ्याइतकीच जात्याची लय महत्त्वाची असते. मध्येच येणारा कॉल, संपत आलेली बॅटरी आणि भरलेली साठवण या अडचणी आहेतच. शिवाय फोन हे सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या दोघांच्या लक्षाचे वाटेकरी असलेले यंत्र. म्हणून ‘फोन की रेकॉर्डर’ हा प्रश्न आवाजाच्या दर्जापेक्षा मुद्रणाच्या हेतूने सोडवावा. जे मुद्रण पुन्हा कधीच करता येणार नाही, त्यासाठी ज्याला दुसरे काही काम नाही असेच यंत्र हवे.

आता दुसरे टोक, जे खरेदीच्या वेळी कोणाच्या मनातही नसते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन मार्ग या पातळीवर एका तासाची फाइल सुमारे १ गिगाबाइट होते; ३२ बिट फ्लोटमध्ये साधारण १.४. हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला, त्यात लाखाहून अधिक ओव्या आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण आहे. १२० तास या हिशेबाने सव्वाशे गिगाबाइटच्या आत बसतात, म्हणजे नखाएवढ्या एका कार्डावर. कॅसेटच्या जमान्यात त्याला तासाभराच्या सव्वाशेच्या आसपास फितींचे कपाट लागले असते. फायदा उघड आहे, धोकाही तितकाच उघड. कपाटातली एक कॅसेट खराब झाली तर एक तास जातो. कार्ड गेले तर सगळेच जाते. आणि कार्ड हे जपण्याचे साधन नाहीच. ते रिकामे करून पुन्हा वापरायचे असते. म्हणजे जुन्या व्यवस्थेत आपोआप होणारी साठवण आता ठरवून करावी लागते. तीन प्रती, त्यांतल्या निदान दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, आणि एक घराबाहेर, हा संग्राहकांमध्ये रूढ असलेला नियम घरगुती संग्रहालाही लागू पडतो. रेकॉर्डरच्या किमतीत दोन हार्ड डिस्कची किंमत धरली नाही तर अंदाजपत्रक अपुरे आहे.

फाइलचा प्रकारही याच टोकाचा भाग. जागा वाचवायला एमपीथ्री निवडण्याचा मोह जुना आहे, आणि कार्डे महाग असताना त्यात अर्थही होता. एमपीथ्री कानाला जे जाणवणार नाही ते वगळते, पण काय जाणवणार नाही हे आधीच ठरवून टाकते. नंतर संपादन करून पुन्हा एमपीथ्री केले की वगळणे दुसऱ्यांदा होते. ऐकण्यापुरते हे चालते, अभ्यासाला नाही. मराठीतला ‘जगणे’मधला दंततालव्य ज आणि ‘जग’ म्हणजे दुनिया यातला तालव्य ज, किंवा स आणि श, यांतला भेद मोठ्या प्रमाणात घर्षणाच्या उंच कंपनांत असतो. ३.४ किलोहर्ट्झवर कापणाऱ्या जुन्या टेलिफोनवर हे भेद पुसट होतात, ते याच कारणाने. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणासारख्या कामात उद्याचा अभ्यासक कोणत्या कंपनाकडे कान लावील हे आज सांगता येत नाही. म्हणून मूळ मुद्रण असंपीडित वेव्हमध्येच करावे, शक्य तर त्याच्या ‘ब्रॉडकास्ट वेव्ह’ या प्रकारात, ज्यात तारीख-वेळ फाइलच्या पोटातच नोंदली जाते. पाठवण्यासाठी एमपीथ्री नंतर केव्हाही करता येते. एमपीथ्रीतून मूळ परत काढता येत नाही. कॅसेटच्या पाठीवर लिहिण्याची जी चिठ्ठी होती तिची जागाही भरून काढावी लागते. मुद्रणाच्या सुरुवातीला गाव, तारीख, बोलणाऱ्याचे नाव आणि त्याची संमती तोंडाने सांगितली, तर फाइलचे नाव हरवले तरी ही माहिती हरवत नाही.

इथे तिसरा आक्षेप येतो. टेपा आणि तबकड्या दशकानुदशके टिकल्या, डिजिटल फाइल एका क्षणात पुसली जाते, मग जुनेच का चालवू नये? टिकणे आणि ऐकता येणे यांत फरक आहे. युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने आयएएसएसह २०१९ मध्ये टेपांविषयी जगभर इशारा दिला, तो मुख्यतः वाजवणाऱ्या यंत्रांविषयी होता. चालू स्थितीतली यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारी माणसे संपत चालली आहेत. टेप शाबूत असूनही मुकी होईल. मिनिडिस्कची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. माइकवरून मुद्रित केलेली जुन्या प्रकारची चकती संगणकावर थेट उतरवण्याची सोय सोनीने २००६ च्या एमझेड-आरएच१ या यंत्रात दिली, आणि २०१३ मध्ये मिनिडिस्क यंत्रांचे उत्पादनच थांबवले. ज्यांच्याकडे ते यंत्र नव्हते त्यांना तास तास वाजवून नक्कल करावी लागे. याउलट उदाहरण ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या निमित्ताने तयार झालेल्या ग्रामोफोन तबकड्यांचे. १९१० आणि १९२०च्या दशकांत मुद्रित झालेले भारतीय भाषांचे ते नमुने आज शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयामुळे कोणालाही ऐकता येतात. शंभर वर्षे त्या वाचल्या त्यात जतन करणाऱ्यांचा वाटा आहेच, पण त्या आपल्यापर्यंत पोहोचल्या त्या वेळेत नक्कल झाली म्हणून. डिजिटल फाइलचा खरा गुण हाच की तिची नक्कल मूळाइतकीच अचूक असते आणि वाजवण्याइतका वेळ खात नाही. या गुणाचा उपयोग केला नाही तर फाइल टेपेपेक्षा नाजूक आहे, हे आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे खरे ठरते.

दोन टोकांच्या मध्ये एकच गोष्ट अशी आहे जिच्याकडे दुर्लक्ष परवडत नाही, आणि ती म्हणजे यंत्राचा भरवसा. साधे पेन्सिल सेल घेणारा रेकॉर्डर तालुक्याच्या बाजारातही पुन्हा चालू करता येतो. आतच बसवलेली बॅटरी सुटसुटीत असते, पण काही वर्षांनी ती क्षीण झाली की यंत्रासकट निकालात निघू शकते. मुद्रण चालू असताना वीज गेली तर फाइल शिल्लक राहते का, हे घेतल्या दिवशीच सेल काढून तपासावे. मुद्रण खरोखर सुरू आहे की यंत्र नुसते तयारीत थांबले आहे, हे दिव्यावरून लांबून कळायला हवे. वाऱ्यासाठी माइकावरची केसाळ टोपी आणि ऐकून खात्री करण्यासाठी बंद हेडफोन ही उपसाधने खरेदीच्या यादीत रेकॉर्डरच्या बरोबरीने यावीत.

या सगळ्यातून पैशाच्या वाटणीचा एक क्रम निघतो. आधी माइक आणि तो जवळ नेण्याची सोय, मग कमी खरखरीचा प्रीअँप, मग साठवणीच्या डिस्क, आणि शेवटी सॅम्पलिंगचे मोठे आकडे. ज्याला फक्त वडीलधाऱ्यांचे बोलणे टिपायचे आहे त्याला कॉलरचा एक बरा माइक, साधा खिशातला रेकॉर्डर आणि दोन डिस्क एवढे पुरे. गाणे, वाद्य किंवा निसर्गातले हलके आवाज टिपणाऱ्याने मात्र प्रीअँपच्या आकड्यात तडजोड करू नये. ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकाने वेव्हवर आणि नोंदींच्या शिस्तीवर अडून बसावे. आणि तिघांनीही हे गृहीत धरावे की आज निवडलेले यंत्रही उद्या कॅसेट रेकॉर्डरइतकेच जुने होणार आहे. ते केव्हा बंद पडेल हे आपल्या हातात नाही. त्या दिवशी त्यातले मुद्रण त्याच्यावर अवलंबून असणार नाही एवढी तजवीज मात्र आजच करता येते, आणि निवड नीट झाली की नाही याची तीच कसोटी.